चाकाखालचं लिंबू

ट्रकवाल्याच्या गाडीला नावं ठेवलेली एक वेळ त्याला चालतील, पण तिच्या तोंडाला टांगलेल्या लिंबू-मिरचीला कुणी हात लावलेला चालत नाही. ट्रक विजेवर पळायला लागले, महामार्गावर निम्मा वेळ चालकाऐवजी संगणकच गाडी हाकायला लागला, तरी शनिवारची लिंबू-मिरची काही सुटली नाही. त्यामुळे दत्तू खोत त्या दिवशी शिरोलीतल्या ‘शिपूरकर रिमोल्डिंग’मध्ये शिरला तो फणफणतच.

“ताई, त्या शीघ्र मोटर्समध्ये पयल्यांदाच माल टाकायला गेल्तो. गेटवरच्या राखणदारानं आडवलं. म्हणला, लिंबू-मिरची काढा, न्हाईतर गाडी आत सोडत न्हाई. दारू आणली का ते बघत न्हाईत, आन् लिंबू हुडकत्यात!”

“स्वच्छतेचा नियम असंल,” केतकी टायरवरची नजर न काढता म्हणाली.

“कसली स्वच्छता! गेटाला पिचकाऱ्यांनी रंग दिलाय. माझ्या डब्यात लिंबाची फोड हुती जेवणाला, ती बी काढून घेतली. मालकाचा हुकूम म्हणं. त्यो अपघात झाल्यापास्नंचा.”

शीघ्र मोटर्स हे नाव ऐकलं की केतकी कानांना कुलूप लावायची. पाच वर्षांत तिला ते छान जमलं होतं. तिनं दत्तूला चहा दिला, त्याच्या टायरची झिजलेली नक्षी बघितली आणि विषय तिथेच सोडला.

ही केतकी शिपूरकर कोण, ते सांगायला हवं. वडिलांचं जुने टायर नवे करून देण्याचं दुकान चालवणारी ही बाई एकेकाळी रबराच्या विज्ञानात डॉक्टरेट घेऊन बसली होती आणि शीघ्र मोटर्समध्ये निम्म्याची भागीदार होती. उरलेला निम्मा हर्षवर्धन नलवडे. दोघं कोल्हापूरच्याच कॉलेजात एका बाकावर बसलेले. पैसा आणि जीभ त्याची, डोकं हिचं.

उभ्या गाडीनं झटक्यात वेग घ्यायचा म्हणजे इंजिन ताकदवान हवं, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. शेवाळलेल्या न्हाणीत उभं राहून एखाद्या पैलवानानं कपाट ढकलायला जावं, तर कपाट जागेवर राहतं आणि पैलवानच घसरतो. गाडीचं तेच. विजेच्या मोटरी आल्या, त्या पहिल्या क्षणापासून सगळी ताकद चाकाला देऊ लागल्या, आणि मग जगभरच्या गाड्या एकाच जागी अडल्या: चाक रस्त्याला किती घट्ट धरतं, तिथे. त्याहून जास्त जोर लावला की चाक जागच्या जागी फिरतं, धूर निघतो, आणि गाडी तिथल्या तिथे.

केतकीनं उत्तर शोधलं ते छतावरच्या पालीकडून. पालीच्या पंजावर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस असतात. ते भिंतीला इतके जवळ भिडतात की दोन पदार्थांच्या रेणूंमध्येच ओढ निर्माण होते. डिंक नाही, ओल नाही, तरी पाल उलटी चालते. आणि पंजा एका बाजूनं उचलला की सहज सुटतो. केतकीनं तसे केस रबरावर घडवले. चाक फिरताना केसांची पुढची ओळ रस्ता पकडायची, मागची आपोआप सुटायची. तिनं त्या टायरला ‘पालपंजा’ नाव दिलं. तिच्या मनात होते आंबा घाटात ब्रेक न लागणारे ट्रक. हर्षवर्धनच्या मनात होती स्पोर्ट्स कार, जी उभ्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग सव्वा सेकंदात घेईल. अर्थातच स्पोर्ट्स कार झाली. पैसा ज्याचा, हट्टही त्याचाच.

कागलच्या माळावर बांधलेल्या पट्टीवर पहिली चाचणी झाली, तेव्हा गाडी चालवायला बसला होता मानसिंग, केतकीचा धाकटा भाऊ. त्याच्याइतका शांत हाताचा चालक जिल्ह्यात नव्हता. सुटण्यापूर्वी गाडीचा संगणक प्रत्येक चाकाला हलकासा हिसका देऊन पकड तपासायचा. त्याला ते सगळे ‘चाचपणी’ म्हणत. चाचपणी झाली, चारही चाकांना हिरवा दिवा लागला, मानसिंगनं गाडी सोडली. गाडी वीस मीटरही सरळ गेली नाही. डाव्या अंगाला फिरली आणि कडेच्या भिंतीवर आदळली. मानसिंगचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

चौकशी समितीनं लिहिलं: रबराच्या मिश्रणात दोष, आणि चालकानं सुटताना स्टिअरिंग वळवलं. एका दगडात दोन शिपूरकर. केतकीचे समभाग करारातल्या कुठल्याशा कलमानं हर्षवर्धनकडे गेले. टायर मागितला तर तो भंगारात गेला, असं उत्तर आलं. आणि मानसिंग, ज्याला कुणी कधी घाईत बघितलं नव्हतं, तो तेव्हापासून म्हणत आला, “माझाच हात वळला असंल, ताई. मला आठवत न्हाई, पण वळलाच असंल.”

त्यानंतर तो रिक्षातसुद्धा पुढच्या बाजूला बसला नाही. दुकानात जुने टायर घासायच्या यंत्रावर बसायचा, मान खाली घालून. “तुझी चूक न्हाई रं,” हे केतकीनं त्याला शंभरदा सांगितलं असेल. पण धीर देणारं वाक्य आणि खरं वाक्य कानाला सारखंच लागतं. त्यानं ते धीर म्हणूनच घेतलं.

दत्तू येऊन गेल्यानंतरच्या रविवारी केतकी लिंबाचं लोणचं घालत होती. स्वयंपाकघरातल्या भिंतीच्या गुळगुळीत फरशीवर तिनं पालपंजाचा एक तळहाताएवढा तुकडा चिकटवला होता आणि त्याला आईचा पितळी खलबत्ता टांगला होता. गंमत म्हणून म्हणा, जखमेवरची खपली म्हणून म्हणा. पाच वर्षं तो खलबत्ता तसूभर हलला नव्हता. लिंबं चिरता चिरता तिनं एक साल दुमडली, सालीतून बारीक तुषार उडाले आणि त्या तुकड्यावर बसले. ती पुढचं लिंबू चिरायला लागली. थोड्या वेळानं धाडकन खलबत्ता खाली आला आणि जमिनीची फरशी तडकली.

“काय पडलं गं?” बाहेरून मानसिंग.

“काय न्हाई. खलबत्ता.”

ती त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग तिनं लोणचं तसंच टाकलं आणि दुसरा तुकडा आणला. त्यावर नुसता रस टाकला, काही झालं नाही. सालीचं तेल टाकलं, आणि तुकडा फरशीवरून सुटला. सूक्ष्मदर्शकातून बघितलं, तर एकेक सुटा उभा असणारा केस फुगून शेजारच्याला चिकटला होता, तेल थापलेल्या डोक्यासारखा. लिंबाच्या सालीतलं तेल रबरात मुरतं, रबर फुगवतं. हे रसायनशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत असतं, तिलाही माहीत होतं. पालपंजा पाण्यावर तपासला होता, चिखलावर, वाळूवर, सांडलेल्या डिझेलवर. लिंबावर नाही. कोण तपासणार? आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात ते सवयीनं कुणाला दिसतच नाही. कुंकू जसं दिसत नाही, तसंच.

चाचणीच्या दिवशी हर्षवर्धनच्या आईनं, मालनकाकींनी, चाकांखाली लिंबं ठेवली होती. केतकी शेजारीच उभी होती, हात जोडून. चाचपणीच्या वेळी लिंबू अख्खं होतं, म्हणून दिवा हिरवा लागला. चाक फिरलं, लिंबू फुटलं, आणि तुषारांना ज्याला थोडा वेळ लागला ते गाडीच्या वजनाखाली अख्ख्या सालीच्या तेलानं क्षणात केलं. तिनं जुनी चित्रफीत काढली. शेकडो वेळा बघितलेली, पण प्रत्येक वेळी नजर मानसिंगच्या हातांवर. आता चाकांवर ठेवली. मागचं डावं लिंबू चाकाखाली चिरडलं, उजवं निसटून बाजूला गडगडलं. डावं चाक निसटलं, उजव्यानं रस्ता धरून ठेवला. एक पाय धरलेला, एक सुटलेला, गाडी फिरणारच. मानसिंगचा हात सरळ होता.

आणि मग तिला दत्तू आठवला. त्याच्या डब्यातली लिंबाची फोड आठवली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ज्याला काही माहीतच नाही, तो मालक कारखान्याच्या गेटवर लिंबं का हुडकेल? टायर भंगारात गेला नव्हता. तो प्रयोगशाळेत गेला होता. हर्षवर्धनला कळलं होतं, आणि कळल्यावर त्यानं लिंबं बंद केली, तोंड बंद ठेवलं आणि मानसिंगला आयुष्यभर मान खाली घालायला लावली.

तोवर केतकीला हर्षवर्धनचा राग यायचा. त्या रविवारी तिनं डूख धरला. रागानं माणूस ओरडतो. डूख धरलेला गप्प होतो, नीट जेवतो, कामं वेळेवर करतो. केतकीनं लोणचंसुद्धा पुरं केलं.

कोर्टात जाण्यात अर्थ नव्हता. घरच्या खलबत्त्याची साक्ष कोण काढणार? मानसिंगला सांगण्यातही नव्हता, तो म्हणाला असता, ताई माझं मन राखतेय. हे हर्षवर्धनच्याच तोंडून यायला हवं होतं, चारचौघांत, मानसिंगच्या कानांवर. आणि संधी चालून येत होती. शीघ्र मोटर्सची ‘तडित’ नावाची, पालपंजावरच धावणारी गाडी बाजारात यायची होती. त्याच माळावर, परदेशी गुंतवणूकदारांसमोर आणि थेट प्रक्षेपणात, हर्षवर्धन नलवडे ती स्वतः चालवून विक्रम करणार होता. गावभर फलक लागले होते: ‘ज्यानं घडवली, तोच चालवणार.’

केतकीनं हिशेब केला. चाकाखाली लिंबू आलं, तर हर्षवर्धनपुढे दोनच वाटा. एक तर तो लिंबू काढायला लावेल, मग का, ते जगाला सांगावं लागेल. नाहीतर तोंड मिटून गाडी सोडेल, मग भिंत आहेच. खोटं कशाला बोला, यातली दुसरी वाट तिला जास्त आवडली. रात्रंदिवस नाही, पण टायर घासताना, भाजी निवडताना तिनं ती भिंत मनात पुन्हा पुन्हा बघितली, आणि दर वेळी तिला बरं वाटलं.

लिंबू ठेवायला हात मात्र असा हवा होता, की ज्याची झडती कुणी घेणार नाही.

मालनकाकी नागाळा पार्कातल्या बंगल्यात एकट्या राहायच्या. केतकीला बघून त्यांनी दारातच तोंडाला पदर लावला.

“आलीस व्हय गं बाई! मी रोज आठवण काढतो तुझी. बस की. मानू कसा हाय?” कोल्हापूरच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘येतो, जातो’ म्हणतात, हे बाहेरच्यांना गमतीचं वाटतं. मालनकाकींच्या तोंडी ते फार मायेचं वाटायचं. कॉलेजात असताना केतकीनं याच घरात कितीदा तरी जेवण केलं होतं.

“बरा हाय, काकी. हर्षच्या नव्या गाडीची पूजा तुमीच करणार न्हवं?”

“आरती ओवाळाय बोलवलंय. पर लिंबू आणू नको म्हणतोय. नारळ बी लांब फोड म्हणतोय. पोरं शिकली की असली.” त्यांनी दार लोटून घेतलं. मग आवाज खाली करून म्हणाल्या, “खरं सांगू का तुला? माझ्याच मनाला लागून राहिलंय. त्या वक्ताला मी लिंबं घाईत आणल्ती. एक डागी हुतं त्यातलं. मला दिसलं हुतं गं, पर म्हटलं चालतंय. डागी लिंबू ठेवलं आन् पोराचा पाय गेला.”

म्हणजे तिसरीही होती. रबर चुकलं म्हणून केतकी, हात वळला म्हणून मानसिंग, लिंबू डागी म्हणून ही म्हातारी. तिघंही स्वतःला दोष देत बसलेले. ज्याला खरं माहीत होतं, तो तेवढा निवांत झोपत होता.

इथे तिनं थांबायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. ती थांबली नाही. उलट तिचा डूख आणखी घट्ट झाला.

“मग या खेपेला चांगली ठेवा की, काकी,” ती म्हणाली. “बिनडागी. मी आणते निवडून. हर्षला आधी सांगू नका, उगाच नको म्हणंल. तुमच्या मनावरचं ओझं तरी उतरंल.”

मालनकाकींनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. “देवासारखी आलीस बघ.”

केतकीनं लिंबं निवडली ती जाड सालीची, तेलकट, नखानं दाबली तर लांबूनच वास येणारी.

माळावर मांडव पडला होता. डोक्यावर कॅमेरे घेऊन ड्रोन घोंगावत होते, मोठ्या पडद्यावर गाडीचं नाक दिसत होतं. मानसिंग यायला तयार नव्हता. “तिथं मला काय दाखवतीस?” म्हणाला. “एकदाच चल. परत कधी म्हणणार न्हाई,” म्हणत केतकीनं त्याला आणला. तो कठड्याजवळ उभा राहिला, पट्टीकडे न बघता. केतकी मालनकाकींचं ताट धरून त्यांच्या मागं आत गेली. मालकाच्या आईची पिशवी कोण तपासतं?

हर्षवर्धन गाडीत बसलेला होता, चालकाचा लाल पोशाख, मांडीवर हेल्मेट. आईनं ओवाळलं, तो हसला. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक झालं, तोही कॅमेऱ्यांसाठी हसला. मग मालनकाकींनी पदराआडून लिंबं काढली आणि कुणी काही म्हणायच्या आत चारही चाकांपुढं एकेक सारली, नीट, प्रेमानं. पडद्यावर पिवळंधमक लिंबू भल्यामोठ्या आकारात दिसलं. निवेदक खूश झाला. “बघा मंडळी! परंपरा आणि विज्ञान एकत्र!”

टाळ्या पडल्या. केतकी फक्त हर्षवर्धनचा चेहरा बघत होती. त्यानं पडदा बघितला, आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला. पाच वर्षं वाट बघून मिळालेलं ते दृश्य होतं. तिनं ते चवीनं बघितलं. आता बोल, ती मनात म्हणाली. बोल, नाहीतर मर.

हर्षवर्धननं तिसरंच केलं.

तो दार उघडून हसत हसत उतरला. “मित्रहो,” पोशाखाच्या कॉलरवरच्या माइकमधून त्याचा आवाज माळभर घुमला, “हा मान मी एकट्यानं घेणं बरं नाही. ही गाडी गेली तीन वर्षं जिनं घासूनपुसून तयार केली, ती आमची चाचणी-चालक रेश्मा मुजावर, आज तीच विक्रम करेल! नारीशक्तीला जोरदार टाळ्या!”

मांडव दणाणला. रेश्मा नावाची तिशीतली बाई कडेला उभी होती, तिला क्षणभर खरंच वाटेना. मग ती धावत आली, हर्षवर्धनला वाकून नमस्कार केला आणि आत बसली. तीन वर्षं तिनं ही गाडी शेकडो वेळा सोडली होती, पण कधीच लिंबावरून नाही. हर्षवर्धन भिंतीपासून लांब, मांडवाच्या बाजूला सरकला.

हा हिशेब केतकीनं केलाच नव्हता. हा माणूस कबुली देईल किंवा मरेल, असं तिनं धरलं होतं. तो दुसऱ्याला मारेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही. खरं तर यायला हवं होतं. पाच वर्षं तो तेच तर करत होता.

पडद्यावर चाचपणी सुरू झाली. एक हिरवा दिवा, दुसरा हिरवा. आणि एक क्षण केतकी जागची हलली नाही. जाऊ दे गाडी, असं तिच्या आत कुणीतरी म्हणालं. गाडी भिंतीवर जाईल, सगळं जग बघेल, कंपनी संपेल, नलवडे संपेल. सूड पुरा होईल. नुसतं उभं राहायचं. तो क्षण तिला पुढे कधीच विसरता आला नाही. मग पडद्यावर गाडीच्या आतलं चित्र आलं आणि तिची नजर रेश्माच्या पायांकडे गेली, पॅडलवर ठेवलेल्या, दोन्ही अख्ख्या पायांकडे, आणि ताट टाकून ती पळाली.

ती थेट गाडीच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली. माणूस दिसताच संगणकानं मोटरींची वीज तोडली. दिवे लाल झाले. मांडवात हलकल्लोळ.

“कोण आहे ती? बाजूला करा तिला!” हर्षवर्धन ओरडला, आणि मग ओळखून थबकला.

“करा की बाजूला,” केतकी म्हणाली. ती त्याच्याकडे चालत गेली, इतकी जवळ की कॉलरचा माइक तिचाही आवाज पकडेल. “आपणहून बाजूला होते, नलवडे साहेब. एवढंच करा. मघाशी तुमीच चालवणार हुता. फलक लावलाय गावभर. जावा, बसा, सोडा गाडी. लिंबू हाय तिथंच राहू दे.”

“ही बाई कामावरून काढलेली आहे,” तो मांडवाकडे वळून म्हणाला. “हिच्या चुकीनं पूर्वी अपघात—”

“व्हय, माझीच चूक. मग आता तर रबर तुमचं हाय, हात बी तुमचा. भ्या कशाचं वाटतंय?”

तेवढ्यात मालनकाकी पुढं आल्या. त्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी लेकाच्या खांद्यावर हात ठेवला.

“बस की रं बाळा. लोक हसत्यात. या खेपेला लिंबू चांगलं हाय, मी सोता बघितलंय.”

“आई, तू आधी ती लिंबं काढ.”

“का?”

“काढ म्हणतो ना! कारण नंतर सांगतो.”

म्हातारी लेकाकडे बघत राहिली. आईला लेकाचा आवाज कळतो. “त्या वक्ताला बी मीच ठेवल्ती, हर्षू,” ती सावकाश म्हणाली. “मानू बसला हुता. तवा न्हाई म्हणालास, काढ म्हणून.”

“तेव्हा माहीत नव्हतं, आई! तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं! नंतर टायर तपासला तेव्हा—”

तो थांबला. पण कॉलरवरचा माइक थांबला नव्हता. त्याचं वाक्य माळावरून फिरून परत त्याच्याच कानांवर आलं. ‘नंतर टायर तपासला तेव्हा’.

रेश्मा गाडीतून उतरली होती. तिनं चाकापुढचं लिंबू बघितलं, हर्षवर्धनकडे बघितलं. “साहेब, आणि तुम्ही मला बसवत होता?” ती म्हणाली. तिनं हेल्मेट त्याच्या पायांपुढं ठेवलं. फेकलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

कठड्याजवळ मानसिंग उभा होता. नकली पायावर तो नीट चालायचा, पण आज तो कठडा धरून, एकेक पाऊल टाकत पट्टीवर आला. त्यानं हर्षवर्धनकडे बघितलंही नाही. तो केतकीजवळ आला.

“ताई,” तो म्हणाला, “म्हंजे माझा हात वळला न्हवता?”

“न्हाई रं. सरळ हुता. तुझा हात सरळच हुता.”

पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते धीर म्हणून घेतलं नाही. तो तिथेच पट्टीवर खाली बसला आणि तोंड झाकून, लहान पोरासारखा हुंदके देत रडला. केतकीला वाटलं, एवढ्यासाठी दहा वर्षं डूख धरावा लागला असता तरी चाललं असतं.

मग तिला मालनकाकी दिसल्या. त्या वाकून एकेक लिंबू उचलत होत्या, पदरात घेत होत्या. चौथं उचलून त्या केतकीसमोर आल्या.

“तुला ठावं हुतं,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, निदान वरून तरी. “लिंबानं काय हुतंय ते तुला ठावं हुतं. आन् तरी माझ्या हातानं ठेवून घेतलीस. आत माझा लेक बसला हुता.”

केतकीनं पदरातल्या लिंबांकडे बघितलं; ती तिनंच निवडून आणली होती.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. गुंतवणूकदार त्याच संध्याकाळी परत गेले. चौकशी पुन्हा उघडली, प्रयोगशाळेचा दडवलेला अहवाल सापडला, मानसिंगचं नाव स्वच्छ झालं. हर्षवर्धनवर खटला उभा राहिला. पालपंजाचे हक्क केतकीकडे परत आले, आणि रबरातल्या केसांवर सालीचं तेल न मुरणारा लेप कसा द्यायचा यावर ती आंबा घाटातल्या ट्रकांसाठी काम करू लागली. लोक म्हणाले, बाईनं सव्याज फेडलं. ते ऐकायला तिला आवडायचं, हे ती कुणाला सांगत नसे.

हिवाळ्यात मानसिंगनं एक जुनी, साधी गाडी घेतली. चारी चाकांना साधेच टायर, त्याच्या स्वतःच्या हातांनी घासून नवे केलेले. पूजेला त्यानं मालनकाकींना बोलावलं. त्या येतील असं केतकीला वाटलं नव्हतं. त्या आल्या. मानसिंगशी बोलल्या, त्याच्या गालावरून हात फिरवला. केतकीकडे बघितलं नाही. ओवाळलं, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि बाजूला झाल्या.

“काकी, लिंबू?” मानसिंग पुढच्या सीटवर बसत हसून म्हणाला. “ह्या टायरला काय होत न्हाई लिंबानं. ठेवा बिनधास्त.”

मालनकाकींनी पिशवीत हात घातला. लिंबू आणलं होतं त्यांनी, एकच. ते काही वेळ हातात धरून त्या उभ्या राहिल्या. मग पहिल्यांदाच केतकीकडे वळल्या आणि ते तिच्यापुढं धरलं.

“तू ठेव,” त्या म्हणाल्या. “आत तुझा भाऊ बसलाय. ह्या खेपेला तुझ्या हातानं ठेव.”

साध्या टायरला केसच नसतात, लिंबानं त्याची पकड सुटत नाही, हे त्या अंगणात केतकीइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी चाकापाशी वाकल्यावर तिनं आधी टायरवरून हात फिरवून बघितला. लिंबू तिनं ठेवलं, ते गडगडलं. परत ठेवलं. मालनकाकी वरून बघत होत्या. तिसऱ्यांदा ते चाकाखाली बसलं, आणि केतकी उठून बाजूला झाली.

मानसिंगनं गाडी सोडली. लिंबू फटकन फुटलं. गाडी सरळ गेली.